टिचकी मारल्याशिवाय काटा वाचू नये

काशा,

आधी तक्रार. बाराव्याला जासईच्या घरात तुझा जो फोटो लावला होता, त्यात तू दात दाखवून हसतोयस. आलेली माणसं हात जोडत होती, डोळे पुसत होती आणि एकमेकांना सांगत होती, "किती हसतमुख माणूस होता!" मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीत वडा खात बसलो होतो. उठून ओरडावंसं वाटत होतं, की लोकहो, फसू नका! सत्तावीस वर्षांत या माणसाचे दात मी मोजून चार वेळा पाहिलेत आणि त्यातलीच ही एक वेळ. कंपनीच्या सेफ्टी वीकमध्ये तुला बक्षीस मिळालं होतं. फोटोग्राफर "स्माइल, स्माइल" करून थकला. शेवटी मी त्याच्या पाठीमागे उभा राहून आपल्या प्लांट मॅनेजरच्या चालीची नक्कल केली. म्हणजे तोंड तुझं, पण हसू माझ्या कारखान्यातलं. सुमनवहिनींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "माहीत हाय मला. म्हनूनच तो लावला, भावजी."

तेव्हा मी वडा खाली ठेवला.

तुला आपली गोष्ट परत सांगायची गरज नाही. पण मला सांगायला आवडतं, आणि पहिल्यांदाच असं झालंय की तू मधेच उठून जाऊ शकत नाहीस. तेव्हा बस.

महाप्याच्या आपल्या कारखान्यात मी स्टोअरमध्ये आणि तू गेज-रूममध्ये. प्लांटमधले दाब मोजायचे सगळे गेज वर्षातून एकदा खोलून तुझ्या टेबलावर यायचे. तू त्यांच्यावर ठरावीक वजनांचा दाब द्यायचास, काटा खरं बोलतोय की खोटं ते बघायचास आणि पास झालेल्या गेजवर तारीख लिहून चिठ्ठी चिकटवायचास. माझं काम म्हणजे ते गेज आणून देणं आणि परत नेणं, पण मी तिथे तासन्‌तास बसायचो, कारण मला प्रेक्षक लागतो आणि तुझ्यासारखा प्रेक्षक जगात नाही. मी नकला करतोय, माझ्या हौशी नाटकातले संवाद म्हणतोय, गावाकडच्या भानगडी रंगवून सांगतोय, आणि तू मान खाली घालून गेजच्या काचेवर नखाने टिचकी मारतोयस. टक, टक. मग वाचायचास. मग लिहायचास.

पहिल्या आठवड्यातच मी विचारलं होतं, हा काय मंत्र आहे का?

"काटा अडकतो रे," तू म्हणालास. "आतला दाब वाढलेला असतो, पन काटा जुन्याच आकड्यावर बसून ऱ्हातो. टिचकी मारली का सुटतो. न मारता वाचला तर गेज खोटा नाय, वाचनारा गाढव."

तू हसायचास ते खांद्यांनी. आवाज नाही, दात नाहीत, नुसते खांदे हलायचे. तेवढे खांदे हलवायला मी काय काय केलं असेन! घरी गेल्यावर माधुरीला सांगायचो, "आज काशाचे खांदे दोनदा हलले." ती म्हणायची, "छान. आता बाजारातून कोथिंबीर आण."

मग तुझ्या गालाच्या आतला तो फोड आला. तपासणी झाली, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर सहा आठवडे रेडिएशन, ज्याला आपल्याकडे सगळे 'शेक' म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, रोज. जासईहून कंटेनरच्या रांगांतून रोज येणं-जाणं म्हणजे आजारापेक्षा मोठा आजार. माझ्या खारघरच्या घरापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर, म्हणून मी तुला आणि वहिनींना उचलूनच घरी आणलं. नवव्या मजल्यावर. तू पहिल्या दिवशी बाल्कनीतून खाली पाहिलंस आणि म्हणालास, "इथं मानूस पडला तर वाटेत जेवून घेईल."

मला वाटलं, वा! काशाने विनोद केला! म्हणजे काशा मजेत आहे. आणि तिथूनच माझा गाढवपणा सुरू झाला.

मी ठरवून टाकलं की डॉक्टरांनी आजार बघावा, तुझं मन बघायला मी समर्थ आहे. सकाळी चहाबरोबर एक किस्सा. गाडीत दोन. शेक घेऊन आलास की सोसायटीतल्या सेक्रेटरीची नक्कल. संध्याकाळी शेजारीपाजारी भेटायला आले की भर दिवाणखान्यात प्रयोग, आणि तू मधोमध सोफ्यावर, सत्कारमूर्ती. तुझे खांदे हलत होते. रोज हलत होते. मी मोजत होतो आणि खूश होत होतो.

पहिल्या शुक्रवारी तो कागद आला. शबाना मॅडमनी दिला. रुग्णाच्या मनाला किती त्रास होतोय ते ओळखायचं, मोजायचं आणि कमी करायचं, हे त्यांचं काम. वय असेल तिशीचं, माहेर अलिबागकडचं, म्हणून तुझी बोली त्यांना पहिल्या वाक्यापासून कळली. कागदावर थर्मामीटरचं चित्र होतं. खाली शून्य, वर दहा. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे याच्यापुढे सोसवणार नाही. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, तुमचा आकडा कुठला त्यावर गोल करायचा. बाजूला यादी होती, झोप, जेवण, भीती, घरच्यांची काळजी, चिडचिड आणि बरंच काही. लागू असेल तिथे खूण करायची. सगळ्यात खाली 'इतर' असं लिहून मोकळी ओळ.

तू कागद घेतलास, लांब धरलास, जवळ धरलास, उलटा करून मागे पाहिलंस.

"मॅडम, ह्याची चिठ्ठी कुठाय?"

"कसली चिठ्ठी, काका?"

"तपासल्याची. हा गेज कुनी तपासला, कधी तपासला?"

मॅडम हसल्या नाहीत, हे मला आजही आठवतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काका, कागदावरचं थर्मामीटर आहे. याचा काटा तुम्हीच."

"तेच सांगतोय. माझं शून्य नि दुसऱ्याचं शून्य येकच कशावरनं? शून्य नाय बघितलं तर बाकीचे आकडे काय चाटायचे?"

इथे मी झेप घेतली. प्रवेश चुकवणं माझ्या रक्तात नाही. "मॅडम, तुम्ही दोन लिहा! आमचा काशा म्हणजे कातळ आहे. सकाळी नाश्त्याला इतका हसला की उपमा सांडला. शून्यच म्हणाला असता, पण शून्य म्हटलं की तुम्हाला शंका येईल, म्हणून दोन!"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग दोनवर गोल केलास. यादीत एकही खूण नाही.

पुढच्या शुक्रवारी मी तुझ्या आधीच बोलून टाकलं, "दोन!" तू परत गोल केलास. पण या वेळी मॅडम तुझ्याकडे बघत म्हणाल्या, "काका, मी तुमच्या बोलण्यावर विचार केला. गेज तपासूनच घेऊ. तुमचं शून्य कुठलं आणि दहा कुठलं, तुमच्या आयुष्यातलं, ते आठवून या. मग मधले आकडे बसवू."

तुझा चेहरा असा उजळला, जसा नवीन यंत्राचा खोका फोडताना उजळायचा. आणि आपलं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही. गाडीत, लिफ्टमध्ये, जेवणाच्या टेबलावर. माझं म्हणणं, मन मोजता येत नाही, मन म्हणजे काय वाफ आहे? तुझं म्हणणं, "वाफच तर मोजत आलो ना सत्तावीस वरसं." मी म्हणायचो, दुःखाला आकडा दिला की दुःख लहान होतं. तू म्हणायचास, "लहान नाय होत. दुसऱ्याला दिसतं. बॉयलरला काय हौस असते का गेज लावून घ्यायची? बाहेरच्यांना कळावं म्हनून लावतात." मी यावर एक भाषण ठोकायचो. तू डोळे मिटून घ्यायचास. मला वाटायचं, मी जिंकलो.

आठवडाभर तू शून्य शोधत होतास. मी आशेने आजूबाजूला घुटमळत होतो. सत्तावीस वर्षांची दोस्ती, शून्यात आपला नंबर लागायला हरकत नव्हती! तुझं शून्य निघालं ते असं: वर्षातून एकदा प्लांट देखभालीसाठी बंद व्हायचा, पाईपातला सगळा दाब सोडून दिलेला असायचा, आणि तू एकटाच प्लांटमधून फिरायचास. सगळे काटे एकदम खाली. कुठे आवाज नाही. "बस, तेवढं," म्हणालास. त्यात माणूस म्हणून कोणी नव्हतं. मी दोन दिवस रुसलो, तुला कळलंही नाही.

दहा मात्र तू पटकन सांगितलंस. गावच्या जत्रेत तुझी लेक प्रिया हरवली होती, चार वर्षांची असताना. तासाभराने बांगडीवाल्याच्या मांडवामागे सापडली, कोणाचं तरी कलिंगड खात बसलेली. "तो तास," तू म्हणालास. आज ती प्रिया महाप्यालाच नोकरीला आहे, पण तो तास सांगून झाल्यावर तू तिला फोन लावून कुठे आहे ते विचारलंस. आणि पाच? "ह्याचं तीन अंकी नाटक. मधे उठता येत नाय." मी उभं राहून अभिवादन केलं.

तिसऱ्या शुक्रवारी तुझं गेज तपासून तयार होतं. मी खुर्चीवर सरसावून बसलो, 'दोन' म्हणायला तोंड उघडलं, आणि मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "विलासकाका, तुम्ही बाहेर चहा घेता का जरा?"

"मी? पण मी तर..."

"आकडा काकांचा आहे ना. तुमचा तुम्हाला वेगळा विचारेन."

मला रंगमंचावरून असं कोणी कधी काढलं नव्हतं. बाहेर जाऊन चहा घेतला, तो गार केला, तसाच प्यायलो. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. सुमनवहिनी माझ्या शेजारी पदराची गाठ बांधत आणि सोडत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, ते रातचे झोपत नाय. तुमाला सांगू नको म्हनले."

तू बाहेर आलास. चेहरा नेहमीचाच. गाडीत बसलास, घडी केलेली कागदाची प्रत मांडीवर ठेवलीस. हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा मी विचारलं, "काय मग? दोनच ना?"

"काटा अडकला होता," तू म्हणालास. "पोरीनं टिचकी मारली."

आणि कागद उघडून माझ्यासमोर धरलास. आठ. यादीत झोपेवर खूण, जेवणावर खूण, भीतीवर खूण. आणि खाली 'इतर'च्या ओळीवर, गेजच्या चिठ्ठीवर लिहायचास त्याच बारीक सरळ अक्षरात, दोन शब्द: हसावं लागतं.

माझं वळण चुकलं. मी सरळ पुढे गेलो, मेट्रोच्या खांबांखालून, आणि कुठेतरी बाजूला गाडी उभी केली.

"म्हणजे?"

"तोंड आतनं सगलं सोललंय. पानी लागलं तरी आग होते. तू जोक मारतो. नाय हसलो तर तुझा चेहरा असा पडतो का बघवत नाय. सुमन पन माझ्याकडं बघत असते, हसतो का नाय. म्हनून हसतो. मग बाथरूममधे जाऊन थुकतो, तर रक्त."

"अरे, मग सांगायचं ना मला!"

"कधी? तू बोलू देतो?"

सत्तावीस वर्षांत मी पहिल्यांदा संवाद विसरलो होतो. मग तू समोरच्या काचेकडे बघत म्हणालास, "आनि तू हसवतो म्हनून सगल्यांना वाटतं, काशा बरा हाय. मी बरा नाय, नाटक्या. मला भ्याव वाटतं."

बस, एवढंच. मोठा प्रसंग असूनही तू त्याला एवढंच वाक्य दिलंस. मी दिलं असतं तर अर्धा तास गेला असता. तुझा हात धरावा असं वाटलं, पण आपण कधी धरला नव्हता, म्हणून गिअरच्या दांड्यावरच हात ठेवून बसलो. थोड्या वेळाने तू म्हणालास, "चल. वहिनी मागं बसलीय, तिला गरम होतंय." तुझी बायको मागच्या सीटवर होती आणि ती रडत होती, हे आपण दोघे विसरूनच गेलो होतो. आणि गोंधळात तू तिला वहिनी म्हणालास! त्यावर वहिनीच आधी हसल्या. मी ओठ गच्च मिटून घेतले, काशा. देवाशपथ, मिटून घेतले.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड भूमिका. नियम तू घातलास: सकाळी उठलास की बोटांनी आकडा दाखवायचा. पाचच्या वर असेल तर विलासचं तोंड बंद. पहिल्या दिवशी मी अकरा मिनिटं टिकलो. माधुरीने कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतःहून आला आणि त्याची नक्कल त्याच्यासमोर न करता मी त्याला चहा दिला. तो घाबरला. भेटायला येणाऱ्यांना मी दारातच सांगायचो, "आज सात आहे, पाच मिनिटं बसा, जोक नको." हळूहळू त्यांनाही सवय झाली. शेजारच्या काकू तर फोनवरच विचारायला लागल्या, "किती आहे आज? मऊभात पाठवू की नुसती पेज?"

तिकडे मॅडमनी यादीतली एकेक खूण हातात घेतली. डॉक्टरांशी बोलून तोंडाला लावायचं औषध बदलून घेतलं, त्यामुळे निदान पेज जायला लागली. झोपेचं बघितलं. मग तुला आणि वहिनींना समोरासमोर बसवून, तू रात्रभर डोळे उघडे ठेवून कशाला भितोस ते त्यांना सांगायला लावलं. तुम्ही काय बोललात मला माहीत नाही, आणि हे वाक्य लिहिताना मला किती त्रास होतोय ते तुला ठाऊक आहे. पण त्या दुपारी आमच्या घरात तुझ्या घोरण्याचा आवाज आला आणि वहिनी, माधुरी आणि मी, तिघंही स्वयंपाकघरात उभे राहून तो ऐकत होतो.

आकडे तू कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलने लिहायचास. आठ. सहा. परत सहा. चार. शेवटच्या शुक्रवारी मी म्हणालो, उतरतोय की! मग आता दोनवर यायला हवा.

"नाय येनार," तू म्हणालास, आणि मला बाल्कनीत बसवून शिकवलंस. दाब चढवत नेताना काटा जे दाखवतो, ते उतरवताना दाखवत नाही. उतरताना तो थोडा वरच राहतो. धातूची नळी ताणली गेलेली असते ना, ती लगेच पहिल्यासारखी होत नाही. "नवीन पोरं असा गेज नापास करायची. मी सांगायचो, अरे, तो ताण आठवतोय. थोडा फरक चालतो. तेवढा धरून पास करायचा."

मग आपण दोघे गप्प बसलो. समोर खारघरचे डोंगर, खाली मुलांचं क्रिकेट. बऱ्याच वेळाने तू म्हणालास, "हे बरं हाय. जवल जवल शून्यच." मी विचारलं, "म्हणजे मी आलो शून्यात?" तू म्हणालास, "बोललास. गेला परत वर." आणि खांदे हलले. तोंड बरं होत आलं होतं. मी ते मोजलं नाही. खरं सांगतो, मोजलं. पण कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर आपल्याला सव्वा वर्ष मिळालं. बोंबील मऊ शिजवून का होईना, तू खाल्लेस. प्रियाचं लग्न ठरलं. माझ्या नाटकाला आलास, पहिल्या रांगेत बसलास, तिसऱ्या अंकापर्यंत बसलास आणि नंतर विंगेत येऊन पाच बोटं दाखवून गेलास. कमी मिळालं असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मला तर त्या सव्वा वर्षात तू पहिल्यांदा भेटलास. आधीची सत्तावीस वर्षं मी बोलत होतो.

आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

आजार परत आला, आणि या वेळी डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मी दुपारी जासईला आलो. बाहेर कंटेनरचे ट्रक खडखडत होते. तुझं बोलणं बंद झालं होतं. वहिनींनी उशी उंच करून तुला बसवलं. मी खुर्ची जवळ घेतली आणि बोटांनी विचारलं, किती? तू चार बोटं वर केलीस. मी नीट पाहिलं. चारच. खोटं नव्हतं, गेज तपासून घेतल्यापासून तू आकड्याबाबत कधी खोटं बोलला नाहीस.

मग तू हात पुढे केलास आणि माझ्या छातीवर, शर्टाच्या खिशाजवळ, नखाने टिचकी मारलीस. टक, टक.

मला कळलं तू काय विचारतोयस. अगदी पूर्ण कळलं. आणि मी तोंडभर हसून, दोन बोटं दाखवून म्हणालो, "दोन!"

तू परत टिचकी मारलीस.

"दोनच रे, काशा. माझं काय!"

तू माझ्याकडे बघत राहिलास. तिसऱ्यांदा मारली नाहीस. मी उगाच प्लांट मॅनेजरची चाल चालून दाखवली, दारापर्यंत, आणि त्याच चालीने निघून गेलो. तिसऱ्या दिवशी प्रियाचा फोन आला.

बारा दिवस मी तेच वळवून वळवून बघत होतो. भ्याव वाटतं, हे तू गाडीत मला सांगू शकलास. आणि मी, ज्याचं सगळं आयुष्य बोलण्यात गेलं, तुला समोर बसून तेवढं सांगू शकलो नाही. तू शेवटी माझं गेज वाचायला मागितलंस आणि मी काच झाकून घेतली.

बाराव्याला सगळे गेल्यावर वहिनींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. "तुमी घेऊन जा, भावजी. मला ते आकडे कलत नाय." मी तिथेच उघडलं. घरी परतल्यावरही तू रोज लिहिलेले आकडे, चौकटीत बसवलेले, शेवटी शेवटी अक्षर वाकडं झालेलं, पण एकही दिवस सुटलेला नाही. मी आलो होतो त्या दिवसाची चौकट शोधली. तिथे लिहिलं होतं: ४. आणि त्याच्या शेजारी, जागा नसताना दाबून बसवलेलं: वि. ९.

वहिनींनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, काही नाही. मग म्हणालो, नाही, झालं. आणि मग मी त्यांच्या ओटीवर बसून पोटभर रडलो, काशा, आवाज काढून, संवादाशिवाय. वहिनी शेजारी बसून राहिल्या. मग त्यांनी उरलेले वडे बांधून दिले, सोळा.

तर मान्य. नऊच होता. तुझं वाचन बरोबर, माझं सांगणं चूक. मला भ्याव वाटत होतं, की तू गेल्यावर मी कोणासमोर गप्प बसू. भांडणात तुझी बाजूही थोडी बरोबर होती, एवढं लेखी देतो, सगळी नाही.

कॅलेंडर आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवलीय. तुझ्या आकड्यांच्या पुढच्या चौकटी मी भरतोय. पहिले काही दिवस वाईट होते. आज सकाळी बाल्कनीत चहा घेतला, खाली मुलांनी काच फोडली, सेक्रेटरी धावत गेला, आणि मला त्याची चाल करून बघावीशी वाटली. केलीही. माधुरी हसली.

आत येऊन खिशाजवळ दोनदा टिचकी मारली, थोडं थांबलो, आणि लिहिलं: तीन.

उतरताना थोडा वर राहणार. तेवढा धरून पास कर.